हळद लावलेलं बेकन

दादा, तू गेल्याला आज सोळा दिवस झाले आणि एवढ्यात मी तुझ्याबद्दल दोनदा खोटं बोलले. पहिल्यांदा त्याच सकाळी. वहिनीचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "सर, एक रिश्तेदार की डेथ हो गई है, जाना पड़ेगा।" त्यांनी विचारलं, "करीब के थे?" मी म्हणाले, "नहीं सर, गाँव के।" दुसऱ्यांदा परवा. सगळं आटोपून मी माझ्या भाड्याच्या खोल्यांवर परतले, तर घरमालकीण आंटी तुळशीला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, "प्रज्ञा, वो टमाटर वाले ऑटो भैया आजकल दिखते नहीं?" आणि मी जिना चढता चढता म्हणाले, "गाँव गए होंगे, आंटी।"

तुझ्या पायांवर डोकं टेकून आलेली मी, तुला गावाला पाठवून मोकळी झाले. वर जाऊन दार लावलं, पंखा लावला आणि पलंगावर बसले. रडूसुद्धा आलं नाही. रडायला तोंड असावं लागतं.

लोक अशा वेळी लिहितात की माणूस मनमिळाऊ होता, सर्वांच्या मदतीला धावायचा. तू कुठला मनमिळाऊ? तू भांडकुदळ होतास. कॅरम खेळताना बोलता बोलता सोंगटी सरकवायचास आणि पकडलं की उलट माझ्यावरच चढायचास. तुझा आवाज असा की बालाघाट स्टेशनबाहेर सवारीला हाक मारलीस तर किरनापुरातला माणूस पिशवी घेऊन उभा राहील. वहिनी किरनापूरची, ती हे ऐकून म्हणायची, "म्हून तं मी आली, पळून जाता नाई आलं." तुझं प्रेमही तसंच, मोठ्या आवाजाचं आणि समोरच्याला अडचणीत टाकणारं. मला टाकलंस अडचणीत. मी त्यातून कशी सुटले, तेच सांगायला बसले आहे.

डुकरापासून सुरुवात करावी लागेल. आपल्या वॉर्डातल्या अर्ध्याअधिक घरांनी ते मटण कधीच सोडलं होतं. बाबांनीही सोडलं होतं. ते म्हणायचे, लोक आपल्याला ताटावरून ओळखतात, मग ती खूण ठेवायची कशाला? तू दहावीनंतर ऑटो चालवायला लागलास आणि पहिल्याच थंडीत पिशवी घेऊन घरी आलास. बाबा एवढंच म्हणाले, "घरातल्या चुलीवर नको." तू मागच्या अंगणात तीन विटा मांडल्यास. त्या विटा मग कधी हललेल्या मी पाहिल्या नाहीत. उरलेल्या मटणाच्या पट्ट्या कापून, मीठ-हळद चोळून तू कपड्यांच्या तारेवर वाळत घालायचास. "हळद लावली का मयनाभर काई होत नाई," हे तुझं शास्त्र. बाबा तोंड फिरवून बसायचे, तू शिजवायचास आणि सगळ्यात जास्त मी खायचे. पोट फुटेस्तोवर खायचे.

आठवीत असताना एक मैत्रीण वही मागायला थेट मागच्या दारानं आली होती. तिनं तारेवरच्या पिवळ्या पट्ट्या पाहिल्या आणि विचारलं, "ये क्या है?" माझ्या तोंडून निघालं, "कद्दू सुखा रहे हैं।" तू पलीकडे बादली घासत होतास. ती जाईपर्यंत कसाबसा दम धरलास आणि मग जमिनीवर लोळून हसलास. त्यानंतर आपल्या घरात डुकराचं नावच कद्दू पडलं. "आज कद्दू आनू का वं पिंके?" मला तेव्हा वाटायचं, किती मजेशीर आहे हे. माझं पहिलं खोटं तू असं लाडानं वाढवलंस, हेही एक गाऱ्हाणं माझ्या यादीत आहे. पण यादी माझी आहे, तेव्हा त्यात तुझा दोष एवढाच.

मग मी शिकले, बँकेत लागले, पुण्याला गेले. तिथं माझ्यासोबत राहणारी मंगळूरची मुलगी दर रविवारी एक सँडविच करायची. पॅकेटमधल्या लांब, पातळ पट्ट्या ती थंड तव्यावर ठेवायची आणि मग खाली मंद आच लावायची. चरबी हळूहळू सुटते, पट्टी आपल्याच चरबीत कुरकुरीत होते. त्याच तव्यावर ब्रेड शेकायचा. टमाट्याच्या जाड चकत्यांना मीठ लावून त्यांचं पाणी निथळू द्यायचं, नाहीतर ब्रेड ओला होतो. मग अंड्याचा तो पांढरा लोण्यासारखा सॉस, सलादचं कोरडं केलेलं पान, टमाटर, वर पट्ट्या, आणि तिरकं कापायचं. मी पहिला घास घेतला आणि माझे हात थांबले. ती आपल्या मागच्या अंगणाची चव होती. फक्त हळद नव्हती.

त्या सँडविचचा फोटो मी मोबाईलच्या स्टेटसला टाकला. आयुष्यभर जे दार लावून खाल्लं, ते जगाला दाखवलं, कारण त्याचं नाव आता बेकन होतं. तुला कौतुकानं फोन केला.

"म्हंजे दोन ब्रेडच्या मधात डुक्कर?" तू विचारलंस.

"हौ. वरून टमाटर आन् पत्ता."

"आन् लोकं हाटेलात बसून खातेत? सगळ्यायच्या समोर?"

"हौ दादा, चांगल्या चांगल्या हाटेलात."

मग म्हणालास, "मंग आपन काहून मांगच्या आंगनात बसून खाल्लं वं इतके वर्सं?"

मी हसले. तू हसला नव्हतास, हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली पुण्याहून परत मध्य प्रदेशात, आपल्या बालाघाटला झाली. ही बातमी तू स्टँडवर इतक्या जणांना सांगितलीस की मी यायच्या आधीच मला लोक ओळखत होते. वरच्या खोलीला तू रंग दिलास, माझ्या स्कूटीसाठी अंगणात शेड बांधलीस. आणि मी म्हणाले, घर बँकेपासून लांब पडेल. दादा, मी एका ऑटोवाल्याला बालाघाटातलं अंतर सांगत होते. आपल्या वॉर्डातून बँकेत जायला दहा मिनिटं लागतात, रेल्वेचं फाटक बंद असलं तर पंधरा. तू रंगाचा डबा बंद करत म्हणालास, "पाहून घे, तुले जसं बरं वाटन तसं."

मी कॉलनीत वरचा मजला घेतला. आंटींनी दोन प्रश्न विचारले. नॉनव्हेज खाता का, तर मी म्हणाले बिलकुल नाही. आडनाव काय, तर सांगितलं. आपलं आडनाव असं की ते कोणाचंही असू शकतं. त्यांनी जे समजायचं ते समजून घेतलं आणि मी त्यांना समजू दिलं. त्यात काही गैर केलं असं मला तेव्हा वाटलं नाही. पुण्यात मी हे चार वेळा केलं होतं.

मग पहिल्या रविवारी तू आलास. घरच्या टमाट्यांची पिशवी घेऊन, न सांगता, हॉर्न वाजवत. ऑटोच्या समोरच्या काचेवर निळा झेंडा, आरशाशेजारी बुद्धाची छोटी मूर्ती. आंटी व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "कौन है?" मी जिन्यात उभी होते. तुझ्या ऑटोची काच मला तिथून स्पष्ट दिसत होती, तशी त्यांनाही दिसत असणार. मी म्हणाले, "ऑटो वाले भैया हैं आंटी। सामान मँगवाया था।"

तू ऐकलंस. गेटच्या कडीवरचा तुझा हात तसाच राहिला. माझ्याकडे पाहिलंस, फार वेळ नाही, आणि मग खणखणीत आवाजात म्हणालास, "मैडम, टमाटर कहाँ रखूँ?"

"वहीं गेट पर रख दीजिए।"

रख दीजिए! आयुष्यात पहिल्यांदा मी तुला अहो-जाहो केलं. तू पिशवी ठेवलीस, ऑटो वळवलास आणि गेलास. संध्याकाळी तुझा फोन. मला उचलायची भीती वाटत होती, पण तू हसत होतास. "काय वं मॅडम, मलेच कद्दू करून टाकलं ना!" मला इतकं हायसं वाटलं की मीही हसले. हसलास म्हणजे माफ केलंस, असा सोयीचा अर्थ मी काढला आणि दोन वर्षं त्याच्यावर निवांत जगले. तुझ्या घरी मी यायचे, राखी बांधायचे, वहिनीच्या हातचं जेवायचे, मागच्या अंगणात बसून कद्दूही खायचे. माझ्या दारात मात्र तू ऑटोवाले भैया. दर पंधरा दिवसांनी टमाटर, वांगी, कधी वालाच्या शेंगा घेऊन यायचास, गेटवर उभा राहायचास, मी खाली येऊन पिशवी घ्यायचे. "और कुछ लाना है, मैडम?" असं विचारायचास. तुझ्या डोळ्यांत तेव्हा काय असायचं ते मी सांगू शकत नाही, कारण मी पिशवीकडे पाहायचे.

या थंडीत तुझ्या डोक्यात बेकन शिरलं. बालाघाटात ते मिळत नाही, आणि मी कधीतरी बोलून गेले होते की पुण्यातली तेवढी एक गोष्ट आठवते. झालं. स्टँडवर सवारीची वाट पाहताना तू मोबाईलवर गोरे लोक डुकराचं पोट कसं खारवतात ते पाहायला लागलास. रोज फोन. "तीन पदराचं पोट भेटलं वं, एकदम व्हिडिओतल्यावानी." मीठ लावलं, गूळ लावला, मिरे कुटून लावले. वर दगड ठेवून फ्रीजमध्ये आठ दिवस, रोज उलटायचं. वहिनीनं दुधाचं पातेलं शेजाऱ्यांकडे हलवलं. मग तू सांगितलंस की हळदही लावली आहे.

"दादा, बेकनले हळद नाई लावत."

"व्हिडिओवाल्याले काय मालूम? त्याच्याकडं बारा मयने थंडी. आपल्याकडं हळद नाई लावली तं सडन."

"पिवळं दिसन ते."

"तं डोये मिटून खाय."

यावर आपलं दहा मिनिटं भांडण झालं. मला ते भांडण आता शब्दन्शब्द हवं आहे, पण एवढंच आठवतं. राइस मिलमधून तू धानाचा भुसा आणलास आणि जुन्या पिंपात त्याचा धूर करून तो तुकडा दिवसभर टांगलास. अर्धा वॉर्ड खोकत होता म्हणे.

रविवारी तू गेटवर आलास तेव्हा हातात स्टीलचा डबा होता, टमाटर होते, आणि सलादचं पान मिळेना म्हणून पत्ताकोबीची आतली कोवळी पानं बर्फात घालून आणली होतीस. आंटी तिथंच होत्या. "मैडम, ये आज ही बना लेना, नहीं तो खराब हो जाएगा," एवढंच म्हणालास. गल्लीच्या वळणावर जाऊन फोन केलास. "थंड्या तव्यावर ठेवजो, मंग आच लावजो. पातळ काप. खाऊन सांगजो मले."

मी वर येऊन झाकण उघडलं. धुराचा, गुळाचा, हळदीचा वास खोलीभर झाला. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी आंटींच्या अंगणावर उघडते. मी झाकण लावलं. तुझ्याकडे येऊन करता आलं असतं, दहा मिनिटांवर घर. पण त्या दिवशी बँकेतल्या एकीकडे जेवण होतं, केस धुवायचे होते, आणि खरं म्हणजे मला कंटाळा आला. हे मी कुठंही लपवणार नाही. एवढ्या मोठ्या लाजेच्या गोष्टीत कंटाळाही होता.

सोमवारी बँकेत जाताना तो तुकडा काळ्या पिशवीत बांधून बाजारामागच्या उकिरड्यावर टाकला. कुत्री धावली. मी मागं वळून पाहिलं नाही, पण स्कूटीच्या आरशात दिसलंच.

रिकामा डबा परत देऊ नये, हे आपल्या मायनं शिकवलेलं. ते मी बरोबर पाळलं. डबा दोनदा घासला, वास जावा म्हणून लिंबू फिरवलं, पेढे भरले आणि तुझ्या हाती दिला. तू झाकण उघडून खूश झालास. "गोड भरून दिलं म्हंजे आवडलं!"

"एक नंबर झालं होतं, दादा."

"हळद कळली का?"

"कळली. उलट मस्त लागली."

तू स्टँडवर सगळ्यांना सांगितलंस की माझ्या बहिणीनं पुण्याच्या हॉटेलातलं बेकन फेल ठरवलं. आणि दुसरा, पहिल्याहून मोठा तुकडा आणायला निघालास. माझ्या पेढ्यांच्या जोरावर.

आणि मग तो फोन. तुला आता हुरूप आला होता. म्हणालास, "या बारीनं मी डब्बा नाई देत. मीच येतो वर, तुही वयनी आन् मी. तिघं मिळून सँडविच करू. मी तं पाह्यलंच नाई तुहं घर."

"नको दादा. आंटीले वास गेला तर?"

मग तुझा आवाज खाली आला. तुझा आवाज खाली येतो, हे मला त्या दिवशी कळलं. "पिंके, एक सांग. तुले लाज डुकराची वाटते का माही?"

"डुकराची! काहीही काय बोलून राह्यला तू?"

"मंग मी खाली हातानं येतो. डब्बा नाई, काई नाई. चहा पिऊन जातो."

मी म्हणाले, "या रविवारी नको."

"बरं," तू म्हणालास. भांडला नाहीस. शिवी दिली नाहीस. एवढ्या भांडकुदळ माणसानं नेमक्या तेव्हाच वाद अर्ध्यावर सोडला. नंतरच्या रविवारी तू आला नाहीस, त्याच्या पुढच्या शुक्रवारी सकाळी स्टँडवर छातीला हात लावून बसलास आणि उठलाच नाहीस. आता तो वाद मी एकटीच ओढत बसले आहे. दोन्ही बाजूंनी मीच बोलते आणि दर वेळी तूच जिंकतोस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला अंगणात बसायला जागा नव्हती. स्टँडवरचे सगळे ऑटो रांगेनं उभे होते. बँकेतून कोणी आलं नाही. येणार कसं, मी गावाकडच्या दूरच्या नातेवाइकाच्या मयतीला गेले होते ना. लोक पांगल्यावर वहिनीनं मला आत बोलावलं आणि फ्रीजरमधून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तुकडा काढला.

"हे तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं त्याहिनं. मोठा घेतला या बारीनं, तुमाले आवडलं म्हून. रोज पलटवत होते. मी म्हनलं, मले इतकं जपलं नाई तुमी."

मी हातात घेतला. दगडासारखा गार होता. वहिनीला सांगायला हवं होतं की पहिला तुकडा कुत्र्यांनी खाल्ला. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती आणि तिला वाटलं मी तुझ्या आठवणीनं रडते आहे. तिनं मला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला. मी तो हात फिरवू दिला, दादा. त्या घरात त्या दिवशी सांत्वन घ्यायचा सगळ्यात कमी हक्क माझा होता आणि मी ते पोटभर घेतलं.

आज रविवार. सकाळी तुकडा बाहेर काढला. अर्धवट विरघळला की पातळ कापता येतो, हे मंगळूरची मुलगी सांगायची. आत चरबीचे तीन पदर, तू म्हणाला होतास तसेच, आणि कडेनं हळदीची पिवळी रेघ. वहिनीनं दिलेल्या टमाट्याच्या चकत्या केल्या, मीठ लावून ताटलीत तिरक्या ठेवल्या. पत्ताकोबीची पानं पुसून घेतली. पट्ट्या थंड तव्यावर मांडल्या आणि गॅस लावला. खिडकी आधी बंद केली. मग स्वतःचीच इतकी चीड आली की दोन्ही पल्ले उघडले आणि दारही उघडलं. चरबी सुटायला लागली, तडतड सुरू झाली, पिवळा रंग तव्यावर उतरला. हळदीनं काही बिघडलं नव्हतं. तू बरोबर होतास, हे मी तव्यासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाले.

ब्रेड त्याच चरबीत शेकला. एकावर एक सगळं रचलं आणि तिरकं कापलं. तेवढ्यात आंटी आल्याच. पदर नाकाला. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "ये क्या बन रहा है?"

मी बेकन म्हणाले नाही. "सूअर का मांस है, आंटी। मेरे भाई ने बनाया था।"

"भाई? तुम्हारा कौन भाई?"

"वो ऑटो वाले भैया। मेरे सगे भाई थे। गाँव नहीं गए, आंटी। सोलह दिन हुए, गुज़र गए।"

सकाळपासून मी भांडण तयार करून ठेवलं होतं. त्या जातीवरून बोलतील, विटाळावरून बोलतील, आणि मग मी एकेक शब्द मोजून सुनावीन. तुझ्या वतीनं. दोन वर्षांचं सगळं त्यांच्या पदरात टाकीन आणि हलकी होईन, असा बेत होता.

आंटींनी माझ्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अगले महीने कमरा खाली कर देना, बेटा। रसोई में ये सब हमसे नहीं होगा।"

झालं, हेच हवं होतं मला. मी तोंड उघडलं. पण त्या जिन्याकडे वळल्या होत्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि पाठमोऱ्याच बोलल्या.

"सगा भाई था?"

"जी।"

"हमने तो दो-तीन बार कहा था उसको। धूप में खड़ा रहता था। हमने कहा, भैया, अंदर आकर बैठ जाओ, पानी पी लो, मैडम आती हैं तब तक। हर बार हाथ जोड़ लेता था। कहता था, नहीं माताजी, यहीं ठीक हूँ। मैडम को अच्छा नहीं लगेगा।"

त्या एकेक पायरी उतरत खाली गेल्या. त्या घरात येऊ नको म्हणणारी एकच बाई होती आणि ती वरच्या मजल्यावर राहत होती.

दादा, बसाचं होतं ना रे अंदर.